वरच्या अंगाची विहीर

गावाचं नाव मी लिहिणार नाही. देवळी तालुक्यात आहे, एवढं पुरे. नाव छापून आलं तर आमच्या पोरींची लग्नं अडतील, असं तिथल्याच एका बाईनं मला बजावलं आणि ते मला पटलं. बाकी सगळं घडलं तसं सांगते, माझ्या गाढवपणासकट.

मी साताऱ्याची. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, आणि घरात बसून सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यापेक्षा काहीतरी बरं करावं म्हणून पाणी गाळायच्या उद्योगाला लागले. या गावाच्या उताराच्या बाजूला भंगाराची एक शेड होती. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचे. मालक धंदा गुंडाळून निघून गेला, पण शिसं मातीतच राहिलं. पाऊस पडला की शेडवरून वाहणारं पाणी ते घेऊन नाल्यात उतरायचं, आणि नाल्याकाठच्या हातपंपावर सगळं गाव प्यायचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्या पाण्याच्या वाटेत तीन टाक्या बांधल्या. पहिलीत गाळ बसतो, दुसरीत रेती-गिट्टी, तिसरीत कोळशाच्या थैल्या. कोळसा चुलीतला नव्हे, पऱ्हाटीचा. कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं बंद पिंपात, हवा न देता जाळली की जो काळा, हलका, भोकाभोकांचा कोळसा होतो, तो पाण्यातलं शिसं धरून ठेवतो. अशी पऱ्हाटी त्या भागात बांधाबांधावर पडलेली असते.

या वर्षी मी गेले ते शेवंताबाईंसाठी. त्यांची मुलगी पल्लवी पुलगावला दिलेली, पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. जाण्याच्या महिनाभर आधी शेवंताबाईंनी फोनवर विचारलं होतं, "मॅडम, पोरीले आनू का घरी? आमच्या इहिरीचं पानी चालते का तिले?" त्यांचं घर गावाबाहेर वावरात, शेडच्या बरोबर उलट्या दिशेला, चढावर. पाणी काही चढ चढत नाही. मी साताऱ्यात खुर्चीत बसून सांगितलं, "तुमची विहीर वरच्या अंगाला आहे. खुशाल पाजा." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तरी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी मी देवळीत उतरले.

पोळ्याचा आदला दिवस

देवळीच्या स्टँडजवळ तर्री पोहे खाल्ले. आमच्याकडं पोह्यांवर ओलं खोबरं येतं, लिंबू येतं. इथं लाल रस्सा ओततात आणि वर कच्चा कांदा. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून, आणि तिसऱ्या घासाला मी दुसरी प्लेट मागितली. तिथून ऑटोनं गाव. दोन्हीकडं कपाशी, सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी, आणि खाली उतरून आलेलं आभाळ. उतरल्या उतरल्या काळ्या मातीनं माझी चप्पल ओढून घेतली. नामदेवरावांनी काठीनं खणून काढली.

नामदेवराव म्हणजे आमच्या टाक्यांचे धनी. एका गिरणीत फिटर होते, बायको वारलेली, मुलं नाहीत. कोळसा तेच करतात, दर श्रावणात थैल्या तेच बदलतात. त्यांनी हाताला धरूनच मला टाक्यांवर नेलं.

"पाहा जी. भेंडकुळ्या आल्या."

तिसऱ्या टाकीतून निघणाऱ्या पाण्यात खरोखरच बेडकं होती, बोटभर लांबीची, ढीगभर. पहिल्यांदा आले होते तेव्हा तिथं एक किडासुद्धा नव्हता. मी किट काढून पट्टी बुडवली. शिसं असलं की ती लाल होते. ही पांढरीफटक राहिली. मला इतकं भरून आलं की मी त्या म्हाताऱ्याला नमस्कारच केला. तो बिचारा लाजून चार पावलं मागं सरला. शेजारी वापरलेल्या कोळशासाठी बांधलेला सिमेंटचा हौद होता, झाकणाला कुलूप होतं. कुलूप दिसलं आणि मी पुढं गेले. उघडून बघितलं नाही, हे लिहून ठेवते.

मुक्काम शेवंताबाईंकडं. घर छोटं, शेणानं सारवलेलं, पुढं विहीर. दारात पाय ठेवताच त्यांनी तांब्या पुढं केला. पाणी थंडगार होतं. मी दोन तांबे प्याले.

"गोड आहे ना जी पानी? पल्लवीले तं हेच लागते. नळाचं नाई उतरत म्हने तिच्या गयाखाली."

पल्लवी खाटेवर बसली होती. गोरीगोमटी, हसरी, पोटावर हात ठेवायची तिला सवय लागली होती. "मॅडम, इथं मच्छर नाईत. पुलगावले तं झोपू नाई देत. इथं एक नाई."

विदर्भात, ऐन पावसाळ्यात, विहिरीशेजारी डास नाहीत म्हटल्यावर मला ती चैनच वाटली. संध्याकाळी शेवंताबाईंनी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळले आणि त्यांच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माणसाला देतात तसंच आमंत्रण. आमच्याकडं बेंदूर होऊन गेलेला असतो, पण बैलाला असं कोणी घरी जेवायला बोलावत नाही. मला ते फार आवडलं. नंतर त्यांनी विहिरीचं पाणी बैलांपुढं ठेवलं तर दोघांनीही माना फिरवल्या.

"लाडावले. नाल्यावरच पेतात. याईले इहिरीचं चालत नाई," शेवंताबाई म्हणाल्या.

जेवायच्या आधी मी अंगणात उभी राहिले. गावाच्या बाजूनं बेडकांचा असा काही कल्ला चालला होता की जणू गाव उकळत होतं. पण तो सगळा लांबून येत होता. माझ्या आसपास काहीच नव्हतं. रातकिडासुद्धा नाही. त्या आवाजाला एक काठ होता आणि मी त्या काठाच्या बाहेर होते. मी आत जाऊन मुकाट्यानं पातोडीची भाजी खाल्ली आणि प्रवासाचा शीण म्हणून सोडून दिलं.

पोळा

सकाळी विहिरीवर गेले. उजेडात नीट पाहिलं. पावसाळ्यातल्या विहिरीच्या दगडांना शेवाळ असतं, फटीत नेचे उगवतात, पाण्यावर निवळ्या फिरतात. इथं दगड घासून ठेवल्यासारखे स्वच्छ होते. पाणी इतकं नितळ की तळाचा एक फुटका माठ, त्याच्या गळ्यावरची नक्षी मला वरून दिसत होती. खडा टाकला, तो तळाला जाईपर्यंत दिसत राहिला. त्या पाण्यात हलणारं एकच काही होतं, ते म्हणजे वाकून बघणारी मी.

पट्टी बुडवली. ती लाल झाली. दुसरी बुडवली. तीही लाल झाली.

ही पट्टी म्हणजे काही न्यायाधीश नव्हे, पण कान टवकारायला पुरते. माझं डोकंच चालेना. शेड खाली, विहीर वर, मधे अख्खं गाव. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिसं काय पायांनी चालत आलं का? मी घरात जाऊन माठ उपडा केला. शेवंताबाई पुरणाच्या कणकेत हात घालून बसल्या होत्या, तशाच बघत राहिल्या.

"काऊन जी?"

"मी सांगेपर्यंत हे पाणी कोणी प्यायचं नाही. पल्लवीनं तर थेंब घ्यायचा नाही. गावातून आणा."

"पन तुमीच तं म्हनलं होतं…"

"मीच म्हटलं होतं," मी म्हणाले. "आणि आता मीच नाही म्हणतेय."

पल्लवी आतल्या दारात उभी होती. तिनं पोटावरचा हात दुसऱ्या हातानं धरला.

दिवसभर गावात पोळा. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली, कपाळावर बाशिंगं, आणि आंब्याच्या पानांचं तोरण तुटायची वाट पाहत उभी असलेली गर्दी. मला त्यात नामदेवराव हवे होते. खालचं शिसं वर जायला एकच वाट मला सुचत होती: माणसाच्या खांद्यावरून. शेवटी ते मारुतीच्या पारापाशी सापडले.

"नामदेवराव, हौदाची किल्ली द्या."

"आज पोया आहे जी. उद्या."

"गेल्या वर्षीचा कोळसा त्या हौदात आहे ना?"

ते माझ्याकडं न बघता बैलांकडं बघत राहिले. "नाई. गेला तो."

"कुठं गेला?"

"जिथं जाते तिथंच गेला. उद्या सकाळी तुमी या पाराले. पाहून घ्या."

अहो, पण उद्या कशाला, आत्ता सांगा, असं मी दोनदा म्हटलं. त्यांनी दोन्ही वेळा हात जोडले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. त्या रात्री पुरणपोळी, तूप, कढी, भजी असं ताट होतं आणि गावातून आणलेल्या पाण्याच्या घोटाबरोबर मी ते कसंबसं गिळलं.

कर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला तिकडं कर म्हणतात. त्या सकाळी मारबत निघते. साताऱ्यात असलं काही नाही, म्हणून सांगते. बांबू आणि चिंध्यांची एक बाई करतात, गावातली सगळी रोगराई आणि वाईट तिच्यावर घालतात, आणि तिला शिवेबाहेर नेऊन टाकतात. टाकून परत फिरलं की कोणी मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर गेलेलं परत मागं लागतं.

पारापाशी ती बसवली होती. अंगावर हिरवं नायलॉनचं लुगडं, पांढऱ्या कापडाचं तोंड, त्यावर काजळानं काढलेले दोन मोठे डोळे. भुवया काढलेल्या नव्हत्या, त्यामुळं ती काहीतरी ऐकून थबकल्यासारखी दिसत होती. बाया येत होत्या, तिच्या गुडघ्याला हात लावून हळू आवाजात आपापलं सांगत होत्या. एकीनं सासऱ्याचा दमा सांगितला, एकीनं गाईचा मेलेला गोऱ्हा. मग माणसांनी तिला उचललं आणि ओरड सुरू झाली.

"ताप, खोकला, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत."

चिंध्यांची बाहुली. दोघांनी सहज उचलावी. आठ जण लागले होते आणि आठही जणांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. रात्री पाऊस झाला होता. तिच्या लुगड्याच्या काठातून काळं पाणी गळत होतं, आणि ती जाईल तिथं रस्त्यावर काळ्या थेंबांची रेघ उमटत होती. मी वाकून एका थेंबात बोट घातलं. बोटाला कोळशाची भुकटी लागली.

मी ओरडून थांबवायला हवं होतं. पण शंभर माणसं एकाच सुरात ओरडत होती. मी नुसती मागं मागं चालत गेले. वेशीबाहेर, पांदणीनं, म्हणजे वावरांमधल्या वाटेनं, चढावर. त्या वाटेनं मी कधी आले नव्हते. पांदण संपली तिथं एक जुनी गिट्टीची खदान होती, पाण्यानं काठोकाठ भरलेली. त्यांनी मारबतीला दोनदा झोके दिले आणि टाकली. ती क्षणभर तोंड वर करून तरंगली आणि मग बसल्यासारखी खाली गेली. लगेच ओरड बंद झाली. सगळ्यांनी पाठ फिरवली आणि सगळे चालायला लागले. एवढ्या माणसांच्या पावलांखेरीज कसलाही आवाज नव्हता.

मी एकटीच खदानीकडं तोंड करून उभी होते.

पाणी हळूहळू निवळलं. आणि खाली दोघी दिसल्या. या वर्षीची अजून हलत होती. तिच्या शेजारी गेल्या वर्षीची, निळ्या लुगड्यातली. वर्षभर पाण्यात राहूनही तिच्यावर शेवाळाचा कण नव्हता, कापड कुजलं नव्हतं. बांबूचा एक हात वर राहिला होता. काजळाचे डोळे तसेच होते. काठावर एक कडुनिंब होता, त्याची खदानीकडची बाजू पूर्ण वाळलेली, दुसरी हिरवीगार. मी त्या झाडाला धरून पलीकडं बघितलं. उतारावर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, शेवंताबाईंच्या घराचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, दिसत होते, आणि त्यांच्या पुढं विहीर.

नामदेवराव थोडे खाली थांबले होते, माझ्याकडं पाठ करून. मी त्यांच्या पाठीशी बोलले.

"तिच्या पोटात थैल्या भरल्यात?"

"थैल्याई आहेत, पहिल्या टाकीचा गायई आहे. समदं." गाय म्हणजे गाळ.

"मी हौदात ठेवायला सांगितलं होतं. कुलूप लावून."

"ठेवलं होतं जी." पाठ हलली नाही. "तुमी म्हनलं, नागपूरहून गाडी येईन, घेऊन जाईन. वाट पाह्यली. गाडी आली नाई. मंग पोया आला. तुमीच तं समजावून देल्लं होतं आमाले, कोयसा गावाची पिडा पेऊन घेते. सारं गाव होतं आयकाले. आता पिडा पेलेलं कोनी गावात ठेवते का? कुलूप लावून? त्याले शिवेबाहेर न्या लागते. आमी मानानं नेलं."

गाडीचं खरं होतं. विषारी कचरा नेणाऱ्या नागपूरच्या लोकांना मी एक फोन केला होता, त्यांनी बघतो म्हटलं, आणि मी विसरले. पिडेचंही खरं होतं. शिसं, शोषण वगैरे बोलून चालणार नाही, यांना यांच्या भाषेत सांगू, असं मला वाटलं होतं. केवढी हुशार मी. कोळसा धरतो ते कायमचं धरत नाही, बॅटरीच्या आंबट गाळात बुडवून ठेवला तर धरलेलं सोडतो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आणि खदानीतल्या दगडाच्या भेगांमधून ते कुणाच्या विहिरीत उतरेल हे मी विचारलं नव्हतं.

"नामदेवराव, मागं वळा," मी म्हणाले. "ते शिवेबाहेर गेलेलं नाही. ते पल्लवीच्या पोटात चाललंय."

ते वळले. त्यांनी खदानीत पाहिलं, वर आलेला तो हात पाहिला, उतारावरचं घर पाहिलं. माणूस एकदम म्हातारा होतो असं म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

घरून विहिरीचा गळ आणि ताडपत्री आणून, दोर कडुनिंबाच्या बुंध्याला वेढत, त्यांनी दोघींना इंच इंच वर ओढलं. माझ्याकडं हातमोज्यांची एकच जोडी होती, ती मी त्यांना घालायला लावली. मदतीला कोणी आलं नाही. आधी निळी आली, मग हिरवी. ताडपत्रीवर दोघी शेजारी शेजारी आडव्या, आणि त्यांना उतारावरून घसरवत ओढणारा एक म्हातारा. वेशीपाशी गाव उभं होतं. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "नामदेव, बाहेर गेलेलं आत येत नाई."

"माह्या घरापर्यंतच नेतो, काकी," ते म्हणाले. "पुढं नाई नेत."

त्यांचं घर वेशीपासून तिसरं. त्या तीन घरांएवढ्या वाटेत समोरच्या ओळीतलं एकेक दार लागत गेलं. कडी घातल्याचा आवाज, थोडं पुढं पुन्हा कडी. भर दिवसा, सणाच्या दुसऱ्या दिवशी, रस्ता असा मोकळा झाला की मला माझाच श्वास ऐकू येत होता. त्यांनी थैल्या आपल्या अंगणातल्या गुरांच्या रिकाम्या हौदात भरल्या आणि वर फरशी ओढली. मी गाव सोडेपर्यंत त्या अंगणात कोणी पाऊल टाकलं नाही.

वर्धा

दुसऱ्या दिवशी पल्लवीला घेऊन वर्ध्याला दवाखान्यात गेलो. रक्त दिलं, विहिरीच्या पाण्याची बाटली तपासायला दिली. शेवंताबाई कागद करायला खिडकीवर गेल्या तेव्हा बाकावर आम्ही दोघीच होतो.

"मॅडम," पल्लवी म्हणाली, "मले खरं सांगजा. मी पेलं, म्हंजे यानंई पेलं असन ना?"

तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की माहीत असेल तर गोलगोल उत्तर देऊ नका.

"हो," मी म्हणाले. "प्यायलं असेल."

तिनं मान हलवली. रडली नाही. म्हणाली, "आईले नका सांगू. तिनं रोज सकायी सोता शेंदून देल्लं, कोनाले हात नाई लावू देल्ला." मग अगदी सहज, काही राग नाही अशा आवाजात, "तुमी चालते म्हनलं होतं, म्हनून मी लवकर आलती."

मी माफी मागितली. ती "हो" म्हणाली आणि पुन्हा पोटाकडं बघायला लागली.

मी साताऱ्याला पोचल्यावर रिपोर्ट आला. पाण्यात शिसं निघालं, रक्तातही नको तितकं निघालं. डॉक्टरांनी पाणी बदलायला सांगितलं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, आणि मूल झाल्यावर त्याचं रक्त तपासायचं ठरवलं. त्याआधी नक्की काही सांगता येत नाही म्हणाले. पल्लवी पुलगावला गेली. विहिरीवर आता फळ्या ठोकल्यात. नागपूरची गाडी मी स्वतः आठ दिवस फोन करून करून पाठवली, नामदेवरावांच्या अंगणातलं सगळं ती घेऊन गेली. तरी त्यांच्याकडं अजून कोणी चहाला जात नाही, असं ऐकते.

तिचे दिवस कार्तिकात भरतायत. मी तिकीट काढून ठेवलं आहे. या वेळी मला कोणी बोलावलेलं नाही.